सोमवारचा रिकामा शो

सोमवारी दुपारी बाराच्या शोला सिनेमा बघायला जाणारा माणूस एकतर बेकार असतो, नाहीतर त्याला काहीतरी लपवायचं असतं. मी बेकार नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत मी नोकरीला आहे. पंचतारांकित म्हटलं की बाहेरगावच्या पाहुण्यांना हॉटेल वाटतं. प्रत्यक्षात तिथं भट्टी, काळी वाळू आणि अंगाला चिकटलेला धूर आहे. रविवारी दुपारपर्यंत काम आणि सोमवारी पूर्ण सुट्टी असते. सगळं गाव कामाला लागलेलं असतं तेव्हा मी डोक्यावर हेल्मेट चढवून बावड्यातल्या घरून थेटराकडे निघतो. आत चार-पाच डोकी असतात, त्यातली दोन झोपायला आलेली. मी सगळ्यात मागच्या रांगेत, भिंतीकडेची खुर्ची धरतो. दिवे गेले की मग माझा मी मोकळा.

फौंड्रीत मी तपासणीला आहे. ओतून, घासून आलेलं कास्टिंग माझ्या टेबलावर येतं. त्यावर हात फिरवायचा, माप घ्यायचं, चीर आहे का बघायची, आत कुठं हवा अडकून पोकळी राहिली आहे का ते शोधायचं. त्या पोकळीला आम्ही ब्लोहोल म्हणतो. मग तीन ढीग: ओके, रिवर्क, रिजेक्ट. रिजेक्टवर लाल रंगाचा फटकारा मारायचा की झालं, माल परत भट्टीत. हे काम मी इतकी वर्षं करतोय की भाजीवाल्याकडची वांगीसुद्धा मी तशीच बघतो. बायको म्हणते, "वांगी घ्याय आलोय का लगीन ठरवाय?"

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम गप्प झालं. तेव्हा मी फोनवर सिनेमांविषयी लिहायला लागलो. नाव घातलं 'तपासनीस'. फोटो माझा नाही, टेबलावरच्या मापाचा. लिहायची रीत दुसरी येत नव्हती म्हणून कारखान्याचीच घेतली. "हिरोचा धातू चांगला आहे, पण ओतायची घाई झाली. इंटरव्हलनंतर मोठा ब्लोहोल. रिवर्क." किंवा नुसतंच, "गाण्यांना पॉलिश भरपूर, खाली चीर. रिजेक्ट." लोकांना हे आवडलं. का आवडलं ते मला आधी कळेना, पण आवडलं. सिनेमा शुक्रवारी लागतो, माझा शेरा सोमवारी संध्याकाळी येतो, तरी लोक थांबायला लागले. तिसऱ्या ढिगातले, रिजेक्ट, तर त्यांना फार प्रिय. जेवढा लाल रंग जाड, तेवढी खाली टाळ्यांची रांग.

त्यातून एक ग्रुप झाला. त्यातली दोन माणसं माझ्या रोजच्या बोलण्यातली झाली. एक वारणानगरचे सर, कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. ते प्रत्येक सिनेमातलं गाव नकाशावर कुठं असेल ते शोधतात आणि नदी चुकीच्या बाजूनं वाहत असेल तर दिग्दर्शकाला क्षमा करत नाहीत. दुसऱ्या निपाणीच्या ताई. शिलाईचं दुकान आहे त्यांचं. त्या मला अण्णा म्हणतात आणि नायिकेच्या ब्लाउजची शिलाई बघून सांगतात की सिनेमाला पैसा कुठं कमी पडला. आम्ही तिघं एकमेकांना कधी भेटलो नव्हतो, पण सकाळी उठल्यावर आधी एकमेकांचंच वाचत होतो. पन्नाशीकडे आल्यावर नवीन मित्र मिळतील असं मला वाटलं नव्हतं. ते मिळाले याचा मला फार आनंद होता, आणि त्या आनंदाच्या खाली सतत भीती होती.

भीती अशी की मला सिनेमात रडू येतं.

आता यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. डोळे ओले होणं वेगळं. तसं सगळ्यांचं होतं, लोक चष्मा पुसल्यासारखं करतात आणि निभावून नेतात. माझं तसं नाही. मला हुंदका येतो. खांदे हलतात, नाक वाहतं, घशातून आवाज निघतो, आणि तो आवाज मलाच ओळखू येत नाही. सिनेमा चांगला असावा अशी अटही नाही. टुकारातला टुकार सिनेमा, ज्यात बापाची मिशी अर्धी सुटून आलेली दिसते, त्यातही कुणीतरी कुणाला दारात बघून "आत ये" म्हणालं की माझं संपलं. मरणाला मी रडत नाही. मारामारीत जांभया देतो. पण कुणी कुणाची वाट बघत असेल, रागावलेलं माणूस ताट वाढून देत असेल, चुकलेल्याला कुणी घरात घेत असेल, की मी गेलो.

लहानपणी वडील मला एकदा सिनेमाला घेऊन गेले होते. त्यात बैल विकायला नेतात आणि तो वाटेतून परत गोठ्यात येतो. मी जो सुरू झालो तो थांबेना. वडील तालमीतले, अंगानं दांडगे. त्यांनी मला उचललं आणि बाहेर पोस्टरपाशी उभं केलं. मारलं नाही. इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "गप. मानसं बघालीत." त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज होती. ती मला तेव्हाच दिसली आणि ती मी घेऊन टाकली.

म्हणून सोमवार, म्हणून मागची रांग, म्हणून हेल्मेट. शो सुटला की हेल्मेटची काच खाली करून मी पंचगंगेच्या घाटापर्यंत उगाच फिरून येतो, तोवर डोळे जागेवर येतात. मग घरी येऊन लिहायला बसतो. आणि लिहिताना मला त्या सिनेमाचा असा राग येतो की काय सांगू. ज्यानं मला सगळ्यात जास्त रडवलं असेल, त्याच्यावर मी सगळ्यात जाड लाल फटकारा मारतो. ब्लोहोल दाखवतो, चिरा मोजतो. खोटं एक अक्षर लिहीत नाही, चिरा असतातच. फक्त मी रडलो एवढंच लिहीत नाही.

आता बायकोचं. ती बावड्यातच अंगणवाडीत शिकवते. तिला सिनेमाची आवड आहे आणि माझ्याबरोबर यायची इच्छा आहे. ती दर दोन-चार महिन्यांनी सहज विचारल्यासारखं विचारते, "ह्यो बरा हाय म्हनं. येऊ का मी बी?" मी म्हणतो, सोमवारी तुझी अंगणवाडी असते. ती म्हणते, रविवारी जाऊ की. मी म्हणतो, रविवारी गर्दी असते, तिकीट मिळत नाही, आणि मला लिहायचं असतं, बरोबर कुणी असलं की लक्ष लागत नाही. हे शेवटचं कारण मला फार चांगलं सापडलं होतं. त्यात लिहिण्याचा मान होता. ती मग कुकर लावायला निघून जात असे. मला वाटायचं, पटलं तिला.

दोन महिन्यांपूर्वी एक छोटा मराठी सिनेमा लागला. इकडच्याच पोरांनी इकडंच केलेला, मोठं नाव कुणाचं नाही. सरांनी ग्रुपवर लिहिलं की आपल्या गावचा सिनेमा आहे, तेव्हा या वेळी तपासनीस साहेबांबरोबर बसूनच बघायचा, रविवारी दुपारी. मी पाठदुखी सांगितली. त्यांनी लिहिलं, तिकिटं काढली आहेत, आणि वहिनींचंही काढलं आहे. ताईंनी लिहिलं, "अण्णा, वैनीला आणलं न्हाईसा तर तुमाला बी आत सोडनार न्हाई."

मी ते बायकोला सांगणार नव्हतो, पण फोन टेबलावर होता आणि ती वाचत होती. शनिवारी तिनं ठेवणीतली मोरपंखी साडी बाहेर काढून दांडीवर टाकली. ती साडी बघून मला पाठदुखीचं पुढं काही बोलता आलं नाही.

थेटराच्या दारात आम्ही भेटलो. सर अगदी किडकिडीत, ताई चांगल्या उंचपुऱ्या. माझ्याकडे बघून ताई म्हणाल्या, "अण्णा, मला वाटलं तुमी लई खडूस दिसत असशीला." सरांनी माझा हात हातात घेऊन ठेवला आणि बायकोला म्हणाले, "वहिनी, यांच्या शेऱ्याशिवाय मी तिकीट काढत नाही." बायको हसली. ती माझ्याकडे बघून हसली, आणि तिला माझा अभिमान वाटत होता हे मला दिसलं. त्या क्षणी मला तिथून पळून जावंसं वाटलं.

हाऊसफुल. मला मधली जागा. एका बाजूला सर, एका बाजूला बायको, पलीकडे ताई. भिंत नाही, कोपरा नाही. पडद्यावर आपलं स्टँड दिसलं तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या, आपली भवानी मंडपाची कमान दिसली तेव्हा पुन्हा शिट्ट्या. मला जरा धीर आला. म्हटलं, असा दंगा चालू राहिला तर निभेल. माझ्याकडे उपायही होते. जीभ दाताखाली धरायची. बाहेर जाण्याच्या दारावरच्या दिव्याकडे बघत राहायचं. मनातल्या मनात पाढे म्हणायचे. धोका दिसला की वडापाव आणायला उठायचं. इंटरव्हलपर्यंत मी दोनदा उठलो. सर हळूच म्हणाले, "लघवीचा त्रास आहे का? माझ्याकडे चांगल्या गोळ्या आहेत." मी मान हलवली. रडू दिसण्यापेक्षा ते नाटकही पत्करलं असतं मी.

सिनेमाची गोष्ट साधी होती. मुलगा बापाशी भांडून मुंबईला गेलेला. बाप रिक्षावाला. पोरगा एक दिवस कळवतो की संध्याकाळच्या गाडीनं येतोय. बाप डबा घेऊन स्टँडवर जाऊन बसतो. पोरगा आधीच्या गाडीनं आलेला असतो आणि समोरच्या चहाच्या टपरीत बसून बापाकडे बघत असतो. उठून समोर जायचं धाडस होत नाही. एक गाडी येते, दुसरी येते. बाप प्रत्येक गाडीच्या दारापर्यंत जाऊन परत येतो. शेवटी अंधार पडल्यावर पोरगा जवळ जातो आणि म्हणतो, "गाडी लेट झाली." बाप टपरीकडे एकदा बघतो, पोराच्या हातातल्या बॅगेकडे बघतो आणि म्हणतो, "व्हय. लेटच असत्या ती."

अख्खं थेटर गप्प झालं होतं. आणि त्या गप्पपणात माझा आवाज निघाला.

मी पाढ्यात होतो, सतरा सक वर. तिथंच तुटलं सगळं. मी तोंडावर हात धरला तर आवाज नाकातून आला. खुर्ची हलायला लागली, म्हणजे सरांचीही हलली असणार. पुढच्या रांगेतली माणसं वळली. मागून एक दणदणीत आवाज आला, "ओ पावणं, घरात कोन गेलं काय? सांगा की, आमी बी मातीला येतो."

थेटर हसलं. मागून पुढपर्यंत, बाल्कनीसकट. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं, पण तेव्हा कानात शिसं ओतल्यासारखं झालं. मी फौंड्रीतला माणूस, मी सेकंदात जोखलं की हे झाकता येणार नाही. बायको वळली. मागच्या त्या माणसाला ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्या घरचं न्हाई न्हवं कोन गेलं? मग गप बसा." पुन्हा हसू. मग शांत. ताईंचा रुमाल बायकोच्या हातातून माझ्या मांडीवर आला. पुढचा सिनेमा मी बघितला, पण रुमालाच्या वरच्या कडेवरून बघितला. बाजूला बघायची माझी हिंमत नव्हती.

बाहेर चहाच्या गाड्यावर आम्ही चौघांनी चहा घेतला. मग सरांनी, मला मोकळं करावं म्हणूनच असेल, विचारलं, "काय साहेब, शेरा काय?"

मी म्हणालो, "रिजेक्ट."

माझ्या तोंडून ते सवयीनं गेलं. नाक अजून लाल होतं, हातात ताईंचा भिजलेला रुमाल होता, आणि मी त्या तिघांच्या मध्ये उभा राहून म्हणत होतो की उत्तरार्धात ब्लोहोल आहे. ताई खो खो हसल्या. "म्हंजे अण्णा, मागचे समदे रिजेक्ट असंच रडून केलासा व्हय?" त्यांनी चेष्टेनं विचारलं होतं. मी हसायचा प्रयत्न केला. तो जमला नाही आणि त्यांना उत्तर कळलं. त्यांचं हसू आवरलं गेलं.

सर मात्र हसले नव्हतेच. ते कप खाली ठेवून म्हणाले, "मागच्या महिन्यात त्या बहिणींच्या सिनेमात मला फार रडू आलं हो. घरी येऊन तुमचा शेरा वाचला. जाड रिजेक्ट. मग मला वाटलं, वय झालं, आपण मऊ पडलो. मी ग्रुपवर तुमच्यासारखंच लिहिलं." ते रागावले नव्हते. त्यांना नुसतं आश्चर्य वाटत होतं. तो बहिणींचा सिनेमा मला चांगला आठवत होता. घाटावर त्या दिवशी मला दोन फेऱ्या जादा माराव्या लागल्या होत्या. हे मी सरांना तिथं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी चहाचे पैसे द्यायला वळलो आणि उगाच सुट्या पैशांसाठी वेळ लावला.

गाडीवर बायको मागे बसली होती. एरवी ती खड्डा आला की खांदा धरते. त्या दिवशी तिनं पूर्ण रस्ता खांद्यावर हात ठेवला होता. साखर कारखान्याच्या उसाच्या गाड्यांमागून आम्ही हळूहळू घरी आलो. तरी मला वाटत होतं, तिला माझी शरम वाटली. नवऱ्याला लोक हसले. साडी नेसून, एवढी हौसेनं आली आणि हे असं.

तिनं साडी बदलली, मेथीची जुडी घेऊन बसली. मी समोर बसलो. बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तुला आवडला का सिनेमा?"

"कुटं बघितला?" ती म्हणाली. "मी तुमच्याकडंच बघत हुतो." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, होतो, आलो, गेलो.

मी मान खाली घातली. ती पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "म्हनून न्हेत न्हवता व्हय मला?"

मी हो म्हणालो. एवढंच म्हणालो, आणि तेवढं म्हणायलाही वेळ लागला.

"लगीन झाल्यावर एकदा न्हेलतासा," ती म्हणाली. "मला काय कळंना, म्हनून मी इचारलं, ह्यो त्येचा भाऊ काय. जरा मोठ्यानं इचारलं. फुडची दोघं हसली. आनि तुमी उठून भाईर गेलासा. पिच्चर सुटंस्तवर आत आला न्हाईसा."

मला तो सिनेमा आठवला. त्यात म्हातारी आजी परत आलेल्या नातवाचं तोंड चाचपून ओळखते. मी बाहेर सायकल स्टँडमागं भिंतीकडे तोंड करून उभा होतो. तिनं काही विचारलं होतं, कुणी हसलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी ऐकलंच नव्हतं. माझं मला सावरण्यातच मी गुंतलो होतो.

"मला वाटलं," ती म्हणाली, "ह्येंना माझी लाज वाटली. अडानी बायकू, थेटरात वरडत्या. म्हनून परत न्हेलं न्हाई. आनि मग ते लिवायला लागलासा, शिकल्याली मानसं, सर बिर. म्हटलं, आता तर न्हाईच न्हेनार." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. भाजीचा भाव सांगावा तशी ती सांगत होती. इतकी वर्षं तिनं ते तसंच धरून ठेवलं होतं, आणि तरीही दर दोन-चार महिन्यांनी विचारत होती, येऊ का मी बी.

थेटरात झाली ती लाज काहीच नव्हती. अख्खी बाल्कनी पुन्हा हसली असती तरी मी सोसलं असतं, पण मला तिच्याकडे बघता येईना. मी म्हणालो, "तसं नव्हतं. तसं कधीच नव्हतं." ती म्हणाली, "कळलं की आता." आणि मेथीचे देठ कागदात गुंडाळायला लागली.

त्या सिनेमाचा शेरा मी आजवर टाकलेला नाही. सर आणि ताई विचारत नाहीत. पण तेव्हा, ती उठून स्वयंपाकघराकडे निघाली तेव्हा, मी जरा घाईनंच म्हणालो की पुढच्या रविवारी आपण दोघंच जाऊ.

ती दारात थांबली. "रविवारी नगो," ती म्हणाली. "रविवारी मानसं असत्यात."

असू देत माणसं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बघू."